रोजच्या संगणकाच्या कामाला मॅक्रो लावावेत की हातानंच करावं?

आडत दुकानातला हिशेबनीस, लातूर

माझं मत सरळ आहे. ज्या कामात रोज तीच बटणं त्याच क्रमानं दाबायची असतात, ते काम माणसानं हातानं करू नये, मॅक्रोवर सोपवावं. मॅक्रो म्हणजे एका कळीवर बसवलेला कामाचा ठरलेला क्रम.

सोयाबीनची आवक सुरू झाली की आमच्या मार्केट यार्डात रात्री उशिरापर्यंत पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, निघतात. शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा, निव्वळ रक्कम, छापा, नोंद करा, पुढची घ्या. नाव, गाव आणि आकडे सोडले तर बाकी सगळं तेच. मी हा क्रम एक्सेलच्या मॅक्रोत बसवला आणि त्याला कंट्रोल-शिफ्टची एक कळ दिली. कळ दाबली की पट्टी छापून निघते, नोंद रोजमेळाच्या शीटवर जाते, रकाने मोकळे होतात आणि कर्सर परत नावावर येऊन थांबतो.

यासाठी कोड लिहिता यावा लागतो, हा समज काढून टाका. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबायचं, काम एकदा हातानं करून दाखवायचं, एक्सेल ते व्हीबीए या आपल्या आतल्या कोडच्या भाषेत स्वतःच लिहून ठेवतं. ही सोय १९९३ च्या एक्सेल ५ पासून आहे. एकच गोष्ट ध्यानात ठेवा: ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू नसेल तर मॅक्रो दरवेळी त्याच सेलमध्ये लिहितो आणि आधीची नोंद जाते. बरेच जण इथंच अडकतात आणि मॅक्रोला नावं ठेवतात.

एक्सेलच्या बाहेरच्या कामाला ऑटोहॉटकी नावाचा प्रोग्राम आहे. २००३ पासून फुकट मिळतं, विंडोजवर चालतं. दुकानाचा पूर्ण पत्ता, बँक खात्याचा तपशील, रोज पाठवायचा निरोप, सगळ्याला दोन-तीन अक्षरांची खूण ठरवायची. खूण टाइप केली की पूर्ण मजकूर उमटतो.

आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसणारी माणसं बघा. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ विक्री, कंट्रोल-ए मंजूर. माउसला हात लावत नाहीत. मग बाकीच्या कामात आपण का चाचपडत बसतो?

सेवा केंद्र चालक, नांदेड जिल्हा

पट्टीचं ठीक आहे, पण सरसकट सगळ्याला मॅक्रो लावा म्हणायलात ते मला पटत नाही.

जुलैअखेर पीक विम्याची गर्दी आठवा. बाहेर रांग, आत पोर्टल रखडलेलं. माझ्याकडच्या पोरानं फॉर्म भरायला ऑटोहॉटकी लावलं होतं: नाव टाक, टॅब, गाव निवड, टॅब, गट नंबर, टॅब. सकाळी झकास चाललं. दुपारी साइट मंद झाली. गावांची यादी उघडायच्या आधीच मॅक्रो पुढं गेला आणि गट नंबर भलत्याच रकान्यात पडला. पडद्यावर कसलीही चूक दिसली नाही. तिफणीची एक नळी तुंबली तर पेरणी चालूच राहते, मोकळं तास उगवण झाल्यावरच दिसतं, तसं हे. शेतकऱ्याला तर भरपाईच्या वेळीच कळणार, आणि तेव्हा त्याला जबाब कोण देणार?

हातानं भरताना माणूस सातबारा बघतो, समोरच्याला विचारतो, ‘काका, गट तुमचाच ना?’ तेवढ्या वेळातच चूक पकडली जाते. तो वेळ वाया जातो असं मी मानत नाही. त्या दिवसापासून माझ्या केंद्रात पोर्टलवर मॅक्रो बंद आहे.

हिशेबनीस, लातूर

तुमची अडचण खरी आहे, पण दोष वेळ मोजून थांबणाऱ्या मॅक्रोचा आहे. दोन सेकंद थांब आणि पुढं जा, असं लिहिलं की नेट मंदावल्यावर घोळ होणारच. माउसची जागा नोंदवणारे मॅक्रो तर त्याहून कच्चे. झूम बदलला, स्क्रीन बदलली, की क्लिक दुसरीकडं. पोर्टलवर पूर्ण फॉर्म मॅक्रोच्या हवाली करू नये, हे मान्य. पण केंद्राचा पत्ता, पिनकोड, ई-मेल हे खुणेनं टाकायला काय हरकत आहे? गट नंबर हातानंच टाका, सबमिटही हातानंच दाबा.

जिल्हा परिषद शिक्षिका, परभणी

मला वाटतं तुम्ही दोघंही मॅक्रोवर लवकर जाताय. आमच्या शाळेत बोनाफाईड, प्रगतिपत्रकं, पालकांना पत्रं, ही सगळी कामं वर्डच्या मेल मर्जनं होतात. एक्सेलमध्ये मुलांची यादी, वर्डमध्ये नमुना, दोन्ही जोडले की झालं. छापण्याआधी प्रत्येक दाखला डोळ्यांखालून घालता येतो. फाईल दुसऱ्या शिक्षकाला दिली तरी त्याला कळते.

मॅक्रोचं हेच वाईट आहे. ज्यानं लिहिला तो बदली होऊन गेला की मागं राहिलेल्यांना ती कळ काय करते ते माहीत नसतं. नवा माणूस भीत भीत दाबतो किंवा सगळं परत हातानं सुरू करतो. आमच्यासारख्या दर काही वर्षांनी माणसं बदलणाऱ्या ठिकाणी हा मुद्दा मोठा आहे.

आधी तयार शॉर्टकट तरी शिका. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की बेरीज. कंट्रोल-डी म्हणजे वरच्या सेलमधलं खाली. हे कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही संगणकावर चालतं.

करसल्लागार कार्यालयातील कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

ताईंशी सहमत, आणि दोन गोष्टी जोडतो. एक्सेलमध्ये मॅक्रो चालवला की ‘अनडू’ची यादी रिकामी होते. कंट्रोल-झेड दाबून मागं येता येत नाही. म्हणून मॅक्रो आधी फाईलच्या प्रतीवर चालवून बघा.

दुसरं म्हणजे व्हायरस. १९९९ चा मेलिसा वर्डच्या मॅक्रोतूनच ई-मेलवर पसरला होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. आमच्याकडं अशिलाची फाईल आली आणि वर लाल पट्टी दिसली की काही जण लगेच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करतात. करू नका. स्वतः रेकॉर्ड केलेला मॅक्रो वेगळा, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल वेगळी.

टायपिंग इन्स्टिट्यूट चालक, बीड

पोटापाण्याचा मुद्दा कुणीच काढला नाही. माझ्याकडं गावाकडची पोरं-पोरी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या जीसीसी-टीबीसी या सरकारी संगणक टायपिंग परीक्षेसाठी येतात. त्या प्रमाणपत्रावर लिपिकाची नोकरी मिळेल ही आशा असते. दुकानदारानं मॅक्रो लावला तर दोन पोरांच्या जागी एकच ठेवील. आपल्या भागात दुसरं काम कुठं आहे? वेग वाचला म्हणून पगार वाढवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मराठीचं एक तांत्रिक दुखणंही आहे. अजून कित्येक ऑफिसांत जुने फॉन्ट चालतात, युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची पद्धत, नसलेले. त्या फाईलीत खुणेनं युनिकोड मजकूर टाकला की अर्धी ओळ एका साच्यात, अर्धी दुसऱ्या. आधी इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कळफलकाची ठरलेली मांडणी, शिका, युनिकोडवर या, मग खुणांचा विचार करा.

हिशेबनीस, लातूर

युनिकोडबद्दल शंभर टक्के बरोबर. पोटापाण्याबद्दल मात्र नाही. तीच पट्टी रात्री अकरापर्यंत टाइप करणाऱ्या पोराचे डोळे आणि मनगटं जातात, आणि शिकायला काहीच मिळत नाही. ज्याला मॅक्रो दुरुस्त करता येतो, त्याला मालक सहज काढत नाही. तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंगबरोबर आठवड्यातून एक तास रेकॉर्ड मॅक्रो शिकवा. तसं शिकलेलं पोर आमच्या लाइनीत कुणीही ठेवून घेईल.

शिक्षिकाताईंचा मुद्दा मी उचलला. फाईलच्या पहिल्या शीटवर कुठली कळ काय करते आणि काय पुसते ते मराठीत लिहून ठेवतो, आजपासून.

टायपिंग इन्स्टिट्यूट चालक, बीड

तास सुरू करायला माझी ना नाही. पण परीक्षेत मॅक्रोला गुण नाहीत, आणि फी भरणारा बाप आधी प्रमाणपत्र विचारतो. सुट्टीतल्या बॅचला करून बघतो.

सेवा केंद्र चालक, नांदेड जिल्हा

पत्ता आणि पिनकोडची खूण लावतो, तेवढं पटलं. गट नंबर, खाते नंबर आणि आधार मात्र बोटानंच टाकणार, आणि मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सबमिट दाबणार नाही. रांग लांबली तरी चालेल.