पासथ्रू: कार्डांच्या खोडी कोणी आणि किती दिवस पोसायच्या?

खटपट्या
व्हर्च्युअल मशीनला (म्हणजे गेस्टला; तो ज्या मशीनवर चालतो तो होस्ट) अख्खं पीसीआय कार्ड देऊन टाकणं, म्हणजेच पासथ्रू, लिनक्समध्ये २०१२ पासून, म्हणजे ३.६ कर्नलमध्ये व्हीएफआयओ हा त्यासाठीचा ड्रायव्हर आल्यापासून, रीतसर होतंय. ड्रायव्हरला कार्डाची जात माहीत नसावी, नियमात बसणारं काहीही चालावं, ही मूळ कल्पना. आता गेस्ट चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रामचा सोर्स उघडून बघा: खोडकर कार्डांचे लाड पुरवायला वेगळी फाइलच ठेवलीये.

स्वस्त मदरबोर्डवर हमखास दिसणारी रियलटेकची ८१६८ ही नेटवर्क चिप घ्या. गेस्टने एमएसआय-एक्स टेबलात (इंटरप्ट, म्हणजे कार्डाची प्रोसेसरला हाक, कुठे जावी याची नोंद) काय लिहिलं, ते क्यूएमूला मध्येच अडवून होस्टच्या इंटरप्टशी जुळवावं लागतं. या चिपला मागचं दार आहे. बार २ मध्ये (बार म्हणजे कार्डाची मेमरीत दिसणारी खिडकी) हेक्स ७४ वर पत्ता टाका, हेक्स ७० वर डेटा, की तेच टेबल हातात. गेस्टचा ड्रायव्हर तिथून शिरला तर क्यूएमूला खबरही नाही. म्हणून त्या दोन रजिस्टरांवर पहारा बसवलाय.

माझं मत: अशा कार्डाला सरळ 'पासथ्रू होणार नाही' म्हणा. लाड बंद झाल्याशिवाय कंपन्या सुधारणार नाहीत.

बिनपगारी_अ‍ॅडमिन
साफ असहमत. विकून झालेली चिप कंपनी कशी सुधारणार? भोगणार तो विकत घेणारा.

रॅकवाला
घरगुती माल सोडा हो. सर्व्हरसाठीची कार्डं घेतली की हे प्रश्न येत नाहीत.

बिनपगारी_अ‍ॅडमिन
@रॅकवाला, येत नाहीत? इंटेलची डीसी पी३७०० ही डेटा सेंटरचीच एनव्हीएमई एसएसडी ना? तिला फंक्शन लेव्हल रीसेट (कार्ड पूर्ववत करायचा आदेश) दिल्यावर लगेच हात लावला तर ती 'रेडी' व्हायची वाट बघत टाइमआउट होतो. कर्नलमध्ये तिच्यासाठी २५० मिलिसेकंद थांबायची सोय आहे, आणि हा आकडा अनुभवाने काढलाय असं कॉमेंटमध्येच लिहिलंय. सॅमसंगची एसएम९६१ तर रीसेटनंतर कधीकधी अशी बसते की कॉन्फिग स्पेस (कार्डाची ओळख आणि सेटिंग असलेली रजिस्टरं) वाचली तर नुसते एफएफएफएफ, म्हणजे उत्तरच नाही. आधी कंट्रोलर बंद करून मग रीसेट केलं की वाचते.

खटपट्या
मग हे कर्नलमध्येच आहे की! सगळं तिथेच न्या, क्यूएमूत दुसरा संसार कशाला?

सेगफॉल्टराव
धागाकर्ते दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताहेत. रीसेट ही होस्टची जबाबदारी, कारण तेच कार्ड उद्या दुसऱ्या गेस्टला द्यायचंय. ते कर्नलमध्येच हवं. पण एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं स्वतःची कॉन्फिग स्पेस बार ० मध्ये हेक्स ८८००० वर पुन्हा दाखवतात. तिथे गेस्टला खरी नव्हे, आभासी कॉन्फिग दिसायला हवी. ते सोंग क्यूएमूने उभं केलंय, तर क्यूएमूनेच सांभाळावं. त्यात चूक झाली तर एक गेस्ट मरेल. कर्नलमध्ये झाली तर शेजारचे वीस.

रॅकवाला
+१. आणि एनव्हिडियाचा 'कोड ४३' कृपया या यादीत घालू नका. हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) दिसला की जीफोर्सचा विंडोज ड्रायव्हर संप करायचा. ती हार्डवेअरची खोडी नव्हती, अडवणूक होती. २०२१ मध्ये कंपनीनेच ती उठवली.

खटपट्या
उठवली ना? मग दबावाने फरक पडतो हेच सिद्ध झालं.

बिनपगारी_अ‍ॅडमिन
दबाव कसला? लोक तोवर केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायझरची सही लपवून काम भागवत होते. तुमचा 'चालणार नाही' नियम असता तर जीफोर्स पासथ्रू करणारेच उरले नसते, मग कंपनी कोणासाठी उठवणार होती?

सेगफॉल्टराव
कंपन्यांना कामाला लावायची वाट आहे, फक्त दंड्याची नाही. व्हीएफआयओचा गाभा वेगळा काढल्यापासून कंपनी त्यावर आपला ड्रायव्हर चढवू शकते. मेलानॉक्सच्या एमएलएक्स५ नेटवर्क कार्डांचा ५.१८ कर्नलमध्ये आला, लाइव्ह मायग्रेशनसकट (चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवणं).

बिनपगारी_अ‍ॅडमिन
मायग्रेशनला गिऱ्हाईक आहे म्हणून आला. ८१६८ साठी कोण लिहिणार असा ड्रायव्हर?

नवशिक्या_पुणे
मध्येच विचारतो, माफ करा. माझं एएमडीचं पोलारिस ग्राफिक्स कार्ड गेस्ट बंद केला की परत उठतच नाही, होस्ट रीबूट करावा लागतो. हे कर्नलवाल्यांकडे न्यायचं की क्यूएमूवाल्यांकडे?

सेगफॉल्टराव
रीसेटचा घोळ आहे, म्हणजे कर्नल. 'व्हेंडर-रीसेट' नावाचं मॉड्यूल शोधा, पोलारिस त्यात आहे. मूळ कर्नलमध्ये मात्र ते नाही, दर अपडेटला पुन्हा बांधावं लागेल.

खटपट्या
@नवशिक्या_पुणे, आणि पुढचं कार्ड घेताना आधी रीसेटचं बघून घ्या.