हात आखडता ठेवून घरचा पीसी सुधारणं : तुमचे अनुभव लिहा

जुना पीसी टाकून नवा घेणं परवडत नाही, आणि आहे तो वापरताना जीव मेटाकुटीला येतो. अशा अवस्थेत तुम्ही काय केलंत? काय बदललंत, काय तसंच ठेवलंत, पैसे कुठे वसूल झाले? मशीन किती जुनं आणि काम कसलं तेही लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या डब्याशी ताडून बघता येईल. ‘सरळ नवीनच घ्या’ हा सल्ला मात्र इथे नको. तो परवडत असता तर हा प्रपंच कशाला!

माझ्यापासून सुरुवात करतो. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. बटण दाबून अंघोळ उरकून यावं तरी स्क्रीनवर चक्र फिरतंच. भेटेल तो म्हणे, प्रोसेसर म्हातारा झालाय. पण कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटून बसलेली. अडलंय कुठे ते समोरच दिसत होतं. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारा दांडा दर वेळी जागेवर सरकावा लागतो, तबकडीही फिरून तिथे यावी लागते. विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरेकच्या पुढे तिची मजल जात नाही. साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची नेहमीची पद्धत. त्यावरची साधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपांची डिस्क, तेच काम हजारोंच्या हिशोबात करते.

एच ६१ वर साटा २ च आहे, वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आत, मग ५५० एमबी वेगाची एसएसडी लावून काय उपयोग, असं ऐकवणारेही भेटले. ती मर्यादा मोठी फाइल कॉपी करताना जाणवते. विंडोज सुरू होताना हजारो चिल्लर फायली वाचल्या जातात, तिथे ३०० ची भिंत आडवी येतच नाही. २४० जीबीची एसएसडी घेतली, तिच्यावर विंडोज नव्याने टाकलं आणि जुनी डिस्क फोटो-गाण्यांसाठी ठेवली. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडायची बोर्डाची सेटिंग) साटाचा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा असेल तर एएचसीआय हा नवा करून घ्या. नंतर नुसता बदललात तर बहुधा निळा स्क्रीन बघत बसाल.

*

माझं दुखणं रॅमचं होतं. घरून हिशोबाची कामं करते. ब्राउझरच्या वीसेक टॅब आणि दोन-तीन मोठ्या शीट उघड्या असल्या की खिडकी बदलताना मशीन गचके खायचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ टक्क्यांच्या खाली येत नव्हती. रॅम भरली की विंडोज डिस्कवर ओझं टाकतं, त्यामुळे वर लिहिलंय तसं डिस्कही १०० टक्के दिसू शकते. दोन्ही आकडे एकत्र बघा, मगच पाकीट उघडा.

सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात रॅम कोणत्या प्रकारची आणि कोणत्या स्लॉटमध्ये काय बसलंय ते कळतं. माझ्याकडे डीडीआर३ ची ४ जीबीची एकच पट्टी होती, दुसरा स्लॉट रिकामा. तशीच आणखी एक घातली. रॅमकडे जायच्या रस्त्याचे, म्हणजे चॅनेलचे, एकाचे दोन झाले तो फायदा वेगळाच. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जबरदस्ती केलीत तर स्लॉटच जाईल. पट्टी बसवताना दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबायची. बाजूची खिटी ‘टक’ करून आपोआप मिटली पाहिजे. बोटाने मिटवायला लागत असेल तर पट्टी नीट बसलेली नाही.

सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम खूप स्वस्त मिळते, तिच्या नादी लागू नका. घरगुती बोर्डावर ती चालतच नाही. साधी सेकंडहँड मात्र बिनधास्त घ्या, विशेषतः आता. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि नव्या रॅमचे भाव भडकले. जुनी पट्टी आणली की रात्रभर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवायचं. सकाळी एकही एरर दिसली तरी पट्टी परत.

आणि हो, विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरणार नाही. आधी ६४ बिटचं टाका.

*

माझा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून लिहितोय. व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की दहा मिनिटांत सगळं मंद व्हायचं, पंखा घोंघावायचा. तापमान बघितलं तर शंभरीला टेकलेलं. प्रोसेसर इतका तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो, त्यामुळे तो ‘जुना झालाय’ असं वाटतं. कूलर काढला तर पंख्याखाली धुळीचं जाड पांघरूण आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून भिंतीच्या जुन्या चुन्यासारखी झालेली, नखाने पापुद्रे निघत होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी लावली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने गरागरा फिरवू नका.

*

घड्याळ सारखं जुन्या तारखेवर जातंय आणि त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणतोय? बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. एवढंच सांगायला आलो होतो.

*

आमच्याकडे मुलाला गेम खेळायचे होते आणि घरात होता कार्यालयातून निघालेला चपटा ब्रँडेड पीसी. अशा डब्यात दोन अडचणी. एक म्हणजे उंची कमी, गेमसाठी लागणारं पूर्ण उंचीचं ग्राफिक कार्ड मावत नाही. दुसरी एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची. तो कमी वॅटचा असतो आणि त्याचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस सरळ जोडता येत नाही. त्यामुळे मोठ्या कार्डचं स्वप्न पहिल्याच दिवशी गुंडाळलं.

मार्ग निघतो तो असा. ग्राफिक कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. तेवढ्यात भागणारं, वेगळी वायर न मागणारं आणि अर्ध्या उंचीचं कार्ड शोधायचं. आम्ही जीटीएक्स १०५० टीआयची बुटकी आवृत्ती घेतली, सेकंडहँड. विकणाऱ्याच्या घरी त्याच्याच मशीनवर अर्धा तास जड गेम चालवून बघितला, मगच पैसे दिले. स्क्रीनवर ठिपके, रेघा किंवा चौकोन दिसले, किंवा मधेच काळोख झाला, की गोड बोलून निघायचं. क्रिप्टो मायनिंगला वापरलेली कार्डं सरसकट वाईट असतात असं मला वाटत नाही, पण पंख्यांचे बेअरिंग गेलेले असतात, तेव्हा कान देऊन ऐका.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डाच्या जुन्या पोर्टमध्ये नाही. हसू नका, ‘कार्ड घेऊनही फरक नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं हेच असतं.

एक ठाम मत: साध्या असेंबल केलेल्या डब्यात पैसे वाचवायला बाकी काहीही सेकंडहँड घ्या, एसएमपीएस मात्र नवा आणि नावाजलेला. तो जाताना एकटा जाईलच असं नाही.

*

प्रोसेसर बदलावाच लागतो अशी माझी केस होती. एएमडीचा पहिल्या पिढीचा रायझन, एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), बी ४५० बोर्ड. कोड कंपाइल करताना सगळे कोअर १०० टक्के, डिस्क आणि रॅम मोकळी. एएम४ चं सुख हे की बोर्ड तोच ठेवून रायझन ५ ५६०० बसतो. दोन्ही ६५ वॅटचे, त्यामुळे एसएमपीएसला हात लावावा लागला नाही. फक्त क्रम महत्त्वाचा. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करायचं, मग नवा घालायचा. उलट केलंत तर नवा ओळखलाच जात नाही आणि स्क्रीन काळा.

इंटेलवाल्यांनी नुसतं सॉकेटचं नाव वाचून खरेदी करू नये. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१. पण सहाव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही.

*

लॅपटॉपवाले कुणीच बोललं नाही अजून. रॅम कित्येक लॅपटॉपमध्ये बोर्डालाच झाळलेली असते, तेव्हा आधी मॉडेलचं मॅन्युअल वाचा. आणि एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची जागा) दिसला म्हणून एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी घेऊ नका, काही स्लॉट फक्त साटाच घेतात. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत, म्हणजे त्याच आकाराच्या चौकटीत, दुसरी डिस्क बसते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, ड्राइव्ह मोजून मागवा.

*

वडिलांच्या मशीनला हार्डवेअर काहीच घेतलं नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे वर्षभर वाढीव अपडेट घेता येतात, पण १३ ऑक्टोबर २०२६ नंतर काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यांचा चौथ्या पिढीचा. चालतं मशीन निव्वळ यादीत नाव नाही म्हणून भंगारात घालायला मन धजेना.

लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली. न टाकताही ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चालतंय याची खात्री झाल्यावरच विंडोज पुसलं. ४ जीबीत ती आरामात चालते. वडिलांची अट एकच होती, मराठी टंकता आलं पाहिजे. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड सेटिंगमधूनच जोडता आला. सुरुवातीला ‘माझं स्टार्ट बटण कुठंय’ वगैरे झालं, आता तक्रार नाही. ज्यांचं काम विंडोजवरच्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर अडलेलं आहे त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

*

@धागाकर्ते, जुनी डिस्क ठेवलीत ते ठीक, पण ती किती भरवशाची ते बघितलंत का? डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. ‘रिअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’च्या (डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांच्या) ओळीत शून्याऐवजी दुसरा आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर फोटो आजच दुसरीकडे हलवा. हेच सेकंडहँड एसएसडी घेतानाही बघायचं, तिथे किती लिखाण झालंय आणि आयुष्य किती टक्के उरलंय ते दिसतं. फारच स्वस्तात ‘२ टीबी’ मिळत असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. खोटी क्षमता दाखवणाऱ्या डिस्क निम्म्यातच उघड्या पडतात.

आणि जुनी हार्ड डिस्क कुणाला देणार असाल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, फायली परत काढता येतात. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून तो सगळीकडे शून्यं लिहितो, वेळ लागतो. रात्री लावून झोपा.