मदत हवी आहे: मिलवॉकीचे पहिले महापौर सोलोमन जुनो

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या आमच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना सोलोमन जुनोंची गोष्ट सांगायची आहे. क्यूबेकमध्ये जन्मलेला हा माणूस 1818 मध्ये इथे आला, जाक व्हियो या फर-व्यापाऱ्याच्या हाताखाली काम करू लागला आणि पुढे त्यांचाच जावई झाला. 1837 मध्ये त्याने वृत्तपत्र काढलं, 1846 मध्ये तो शहराचा पहिला महापौर झाला.

मुलांना सर्वांत आवडेल ती 1845 ची पुलांवरची भांडणं. नदीच्या पूर्वेला जुनोंची वस्ती, पश्चिमेला त्यांचा प्रतिस्पर्धी बायरन किलबर्न याची. किलबर्नने रस्ते मुद्दाम पूर्वेच्या रस्त्यांशी जुळू दिले नाहीत, म्हणून आजही इथले काही पूल तिरके आहेत. रोज गाडी नेताना तो तिरकेपणा जाणवतो.

अडचण पत्नी जोसेटची आहे. तिच्या अंगात मेनॉमिनी (इथली एक मूळनिवासी जमात) रक्त होतं. तिच्याशिवाय ही गोष्ट अपुरी वाटते, पण सगळीकडे तिच्याबद्दल दोनच ओळी. तिच्याविषयी चांगलं वाचायला कुठे मिळेल? विस्कॉन्सिन राज्यातल्या थेरेसा गावातलं जुनोंचं घर कुणी मुलांना घेऊन पाहिलंय का? आणि ‘फर ट्रेडर’ला मराठीत काय म्हणावं? ‘कातड्यांचा व्यापारी’ म्हटलं की चामडंच डोळ्यांपुढे येतं, बीव्हरची मऊ लव नाही. कृपया सुचवा.