वॉशरखाली उरलेला काळा रंग: जुन्या इंजिनाला मूळ फिनिश द्यावे की टिकाऊ?

धागाकर्ता, नौपाडा (ठाणे):
वडिलांच्या 1975 सालच्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन गेल्या महिन्यात वागळे इस्टेटमधील एका गॅरेजात उतरवले. माउंटिंगच्या ब्रॅकेटचा बोल्ट सोडवून वॉशर उचलला, तेव्हा त्याखाली नाण्याएवढी, पातळ काळ्या रंगाची, म्हणजे कारखान्यातल्या मूळ रंगाची, चकती अगदी कोरी दिसली. भोवती मात्र गंज आणि तेलाचे किटण होते. ब्रॅकेटना पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत पक्का केलेला थर) आणि टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, क्रोम करून घ्या, असे कारागिराने सुचवले. मी नकार दिला. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1089 सीसीचे हे इंजिन ज्या रूपात बाहेर पडले, तेच रूप त्याला परत मिळावे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक ओतीवच दिसावा आणि त्यावर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हेडला आरशासारखे पॉलिश करू नये, असे माझे ठाम मत आहे. आपणांस काय वाटते?

प्रतिसाद, ऐरोली:
मी असहमत आहे. ती चकती वॉशरने झाकली होती म्हणूनच वाचली, आणि उघडा पडलेला तोच रंग टिकला नाही, हेही त्याच ब्रॅकेटने आपल्याला दाखवले आहे. आमच्याकडे खाडीचे खारे वारे बारा महिने असतात. मी गाडी दर रविवारी चालवतो, त्यामुळे चार पावसाळे तग धरणारे पावडर कोटिंग मला मूळ रंगापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. क्रोमचा आग्रह मीही धरणार नाही.

धागाकर्ता:
टिकाऊपणाचा मुद्दा मान्य आहे, पण पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. तो वॉशरखाली राहिला की दाबाने आणि उष्णतेने दबून पातळ होतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. शिवाय अर्थिंगच्या पट्टीखाली (इंजिन आणि गाडीचा सांगाडा विजेसाठी जोडणारी पट्टी) तो आला, तर विजेचा मार्ग अडतो आणि बॅटरी नवी असूनही स्टार्टर कण्हत फिरतो.

प्रतिसाद, ऐरोली:
वॉशर आणि पट्टी टेकतात त्या जागा भट्टीत घालण्यापूर्वी टेपने झाकल्या की हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत. कारागिराची हयगय हा त्या पद्धतीचा दोष मानू नये.

प्रतिसाद, रबाळे एमआयडीसी (प्लेटिंगच्या व्यवसायात):
ब्रॅकेटच्या रंगावर आपण दोघे भांडत आहात, पण मला काळजी बोल्टची वाटते. गाडीमालक सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात भरून झिंक प्लेटिंगला (जस्ताचा मुलामा द्यायला) आणतात. ॲसिडच्या टाकीत आणि प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि उच्च ताणाचे, म्हणजे 10.9 किंवा त्यावरच्या दर्जाचे बोल्ट ठिसूळ होऊन पुढे अचानक तुटू शकतात. त्यांना प्लेटिंगनंतर लगेच सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास भाजावे लागते. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बोल्टना तर प्लेटिंग करूच नये; ते नेहमी तेलातच असतात, त्यांना गंजाची भीती कसली? आणखी एक विनंती अशी की ॲल्युमिनियमचे हेड सफाईसाठी कॉस्टिक सोड्याच्या टाकीत कोणालाही बुडवू देऊ नका, कारण कॉस्टिक किटणाबरोबर धातूही खाते. वाळूचा मारा केलाच, तर तेलाच्या वाटा आधी बुजवा, कारण आत राहिलेला एक कण बेअरिंग खरवडायला पुरेसा असतो.

धागाकर्ता:
आपले मनापासून आभार. माझा डबा कालच प्लेटिंगला गेला होता. आत्ताच फोन करून काम थांबवले आणि रॉडचे आठही बोल्ट वेगळे काढायला सांगितले. ब्रॅकेटना मात्र त्या चकतीशी जुळवलेला काळा रंगच देणार आहे, खाली चांगला प्रायमर लावून.

प्रतिसाद, ऐरोली:
प्रायमर आपणही लावणार आहात, तर मूळच्या पलीकडे एक पाऊल आपणही टाकलेच आहे. दोन पावसाळ्यांनंतर दोन्ही गाड्यांची बॉनेट शेजारी शेजारी उघडून पाहू.