अस्वलाआधी गाळाला जपा

ताई, तुमचा मुलगा लातूरहून अलास्कात अँकरेजला निघालाय, त्यानं कशाला जपावं असं तुम्ही इथं विचारलंत, आणि उत्तरं देणारे सगळे अस्वल अन् थंडीबद्दलच बोलायलेत. लेकीकडं मी तिथं एक उन्हाळा काढलाय, म्हणून सांगतो: त्याला आधी गाळाची माहिती द्या.

शहराच्या दक्षिणेला टर्नअगेन आर्म ही खाडी आहे. ओहोटीला करडा तळ लांबवर उघडा पडतो, आपल्याकडच्या आटलेल्या तळ्यासारखा. मी सवयीनं त्यावर दोन पावलं टाकली. आपल्या काळ्या रानात पावसानंतर माती चपलेला चिकटून येते तरी. हा गाळ म्हणजे हिमनद्यांनी दळलेलं दगडाचं पीठ. पाय हलवला की पातळ होतं, थांबला की आवळतं. बूट घोट्यापर्यंत गेला तसं लेकीनं दंडाला धरून मागं ओढलं. तिथं भरती-ओहोटीतला फरक ९ मीटरच्या वर जातो, आणि कधीकधी भरती लाटेची भिंत होऊनच आत शिरते. अडकलेल्याला सुटायला वेळच मिळत नाही.

अस्वलाला हुसकवायचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तिथंच घ्यावा. अस्वल दिसलं तर पळायचं नाही.

पण पोराला अडवू नका हो! त्याच खाडीकाठी बेलुगा पॉइंट आहे, तिथल्या खडकावर बसून वाट बघायची. ऑगस्टात साल्मन माशांमागं पांढरे बेलुगा देवमासे येतात. आम्हाला रात्री नऊला, चांगल्या उजेडात, त्यांच्या पाठी दिसल्या. मी तर हातच जोडले. फक्त भरतीचं वेळापत्रक बघून निघायचं.