स्वतंत्र संगीतकारांचे अल्बम: कौतुक राहू द्या, ऐकलंत का ते सांगा

बेसूर (धागाकर्ता):
गेल्या वर्षी आमचा आठ गाण्यांचा अल्बम आला. लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी) नाही, पीआरवाला नाही, प्रेस नोटही मीच लिहिली. तिच्यात 'तिसऱ्या गाण्यातला चेलो' (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य) असा उल्लेख होता. पुढे शेवटच्या मिक्समध्ये चेलो काही बसेना म्हणून काढून टाकला, नोट मात्र बदलायची राहून गेली. अल्बमबद्दल पाच ठिकाणी छापून आलं. त्यातल्या तिघांना तो चेलो फार आवडला! एकाला तर तो 'काळजाला हात घालणारा' वाटला.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. 'दुसऱ्या गाण्यानंतर कंटाळा आला' असं लिहिणारा एक जरी भेटला असता तरी मी त्याचे आभार मानले असते. निदान तो दुसऱ्या गाण्यापर्यंत पोचला असता. आमच्यासारख्यांच्या वाट्याला हल्ली एकतर गोडगोड चार ओळी येतात, नाहीतर शुकशुकाट. सडकून टीका करायची तर ती फक्त मोठ्यांवर, असं का?

माजी खर्डेघाशी:
असहमत. चेलोवाल्यांची बाजू घेत नाही, तो निव्वळ आळस. पण मी चार वर्षं परीक्षणं लिहिली आहेत, म्हणून टेबलाच्या अलीकडचं सांगतो. २०१५ पासून नवे अल्बम जगभर शुक्रवारीच येतात. शुक्रवार उजाडला की मेलबॉक्स फुटायला येतो आणि आठवड्यात लिहून व्हायची दोन परीक्षणं. त्या दोनातली एक जागा खर्चून, वाचकाने ज्याचं नावही ऐकलेलं नाही, त्याचा अल्बम ऐकू नका म्हणून सांगण्यात काय हशील? नाही आवडलं तर मी गप्प बसायचो. तोही अभिप्रायच असतो.

आणि सडकून टीकेचं काय होतं तेही बघा. ट्रॅव्हिस मॉरिसन या अमेरिकन गायकाच्या बँडच्या अल्बमला १९९९ मध्ये पिचफोर्क या परीक्षणांच्या संकेतस्थळाने १० पैकी ९.६ दिले होते. २००४ मध्ये त्याचा एकट्याचा पहिला अल्बम आला, त्याला त्याच पिचफोर्कने दिले ०.०. एका दुकानाने त्या परीक्षणामुळे अल्बम ठेवायलाच नकार दिला, असं त्याच्या लेबलने तेव्हा सांगितलं होतं. आणि तो काही अगदीच नवखा नव्हता. नवख्याचं काय झालं असतं?

उलटतपासणी:
खर्डेघाशी, पुढच्याच वर्षाची गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. २००५ मध्ये 'क्लॅप युअर हँड्स से येह' या बँडने पहिला अल्बम स्वतःच काढला, पाठीशी लेबल नव्हतं. पिचफोर्कने ९.० दिले आणि बँड एका झटक्यात सगळ्यांच्या तोंडी झाला. त्या ९.० ला वजन कुठून आलं? हेच लोक शून्यही देतात, हे वाचकाला ठाऊक होतं म्हणून. तुमच्यासारखे सगळेच नावडत्यावर गप्प बसले, तर आवडत्यावरचं लिखाणही लोक जाहिरातीसारखंच वाचणार. तेच झालंय.

माजी खर्डेघाशी:
सगळं वजन एकाच काट्यावर साठलं, हेच तर दुखणं होतं. २०२१ मध्ये पिचफोर्कनेच आपल्या १९ जुन्या परीक्षणांचे गुण बदलून दाखवले. गंमत म्हणून केलं असेल, पण ज्याचं तेव्हा नुकसान झालं त्याला काय मिळालं? आणि जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनीने पिचफोर्कच जीक्यू या पुरुषांच्या मासिकाच्या पंखाखाली ढकललं, लोकांना कामावरून काढलं. आता शून्य द्यायला तरी कोण उरलंय!

रात्रपाळी:
तुम्ही दोघं २००५ मध्येच अडकलाय. आज परीक्षण वाचून कोण ऐकतं? प्लेलिस्टमध्ये आलात तर आहात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी, आणि तेही एका वेळी एकच. आठ गाण्यांतलं एक. उरलेली सात कुणासाठी केली, हे बेसूरनेच सांगावं.

बेसूर:
@रात्रपाळी, त्या सातांसाठीच परीक्षण हवंय की! प्लेलिस्टवाला गाणं घेतो किंवा घेत नाही, कारण सांगत नाही. पाचव्या गाण्यावरून सहाव्यावर जाताना सूर का बदलला, हे विचारणारा माणूस लागतो. क्रम लावायला आम्ही तीन आठवडे भांडलो होतो. एकानेही त्यावर अक्षर लिहिलेलं नाही.

तिसरी घंटा:
पैशाचं कुणीच बोलत नाही. मला एका ठिकाणाहून चक्क दरपत्रक आलं होतं: छोटा उल्लेख, मोठा लेख, मुलाखत. आता बोला, वाईट परीक्षणाचा दर काय असेल?

उलटतपासणी:
@तिसरी घंटा, :)) पण सरसकट सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. सबमिटहबसारख्या, ब्लॉगवाल्यांना आणि प्लेलिस्टवाल्यांना गाणी पाठवायच्या संकेतस्थळावर पैसे देतो ते ऐकून उत्तर देण्याचे, छापून आणण्याचे नाहीत. तिथे नकार येतो आणि नकारासोबत दोन ओळींचं कारणही येऊ शकतं. 'गायकाचा आवाज मिक्समध्ये बुडालाय' हे मला तिथूनच कळलं. फुकट छापणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं.

माजी खर्डेघाशी:
हे मात्र मान्य. पण ते तुम्हाला खाजगीत सांगितलं. माझं म्हणणं तेवढंच आहे, चारचौघांत कशाला?

बेसूर:
कारण चारचौघांत सांगताना ऐकून सांगावं लागतं. कुणी उलट विचारलं तर उत्तर देता यायला हवं ना. बरं, तुम्ही लिहाल का? चांगलं-वाईट काय वाटेल ते, इथेच, या धाग्यावर. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

माजी खर्डेघाशी:
लिहिणं सोडलंय म्हटलं होतं मी... असो. पाठवा. नंतर रडायचं नाही. आणि प्रेस नोट जोडू नका.

रात्रपाळी:
मी आत्ताच तिसरं गाणं लावलं. खरंच चेलो नाहीये. असता तर बरं झालं असतं राव, मध्ये फार मोकळं वाटतंय.

बेसूर:
@रात्रपाळी, आमचा ड्रमरही हेच म्हणत होता. त्याला हा प्रतिसाद दाखवणार नाही.