अनुभव धागा: हिवाळ्यात तुमच्या संघाने कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं?

वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची अंतिम लढत, संपली की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बेसबॉल नाही. पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) ॲरिझोनात किंवा फ्लोरिडात सरावाला हजर होईपर्यंत एकही चेंडू पडत नाही. तरी आमच्या घरात बेसबॉलवरून सगळ्यांत मोठे वाद होतात ते याच महिन्यांत. कोणाशी करार वाढवायचा, कोणाला ट्रेड करायचं (दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात खेळाडू घ्यायचे), कोणाला जाऊ द्यायचं. इथल्या मराठी मंडळींत बेसबॉल मनापासून बघणारे बरेच आहेत हे गणपतीच्या जेवणावळीत कळतं, म्हणून हा धागा.

तुमच्या संघाच्या एखाद्या हिवाळी निर्णयाबद्दल लिहा. निर्णय बरोबर होता की चूक एवढंच नको. तेव्हा तुम्हाला काय वाटलं, क्लबने काय कारण दिलं आणि पुढे काय झालं, तेही सांगा.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो. साधारण तीन वर्षांनंतर पगारावर एकमत झालं नाही तर लवाद बसतो. सहा वर्षं झाली की तो फ्री एजंट, वाटेल तिथे जायला मोकळा. संघाच्या खर्चाला पक्की कमाल मर्यादा नाही. एका ठरावीक रकमेच्या वर गेलं की कर भरावा लागतो, आणि सलग वर्षं वर राहिलं की कराचा दर वाढत जातो.

सुरुवात मीच करते.

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स

फेब्रुवारी २०२०. मुकी बेट्स. बॉस्टन रेड सॉक्सनी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे २०११ च्या ड्राफ्टमध्ये, पाचव्या फेरीत घेतलेला, आपल्याच संघात वाढलेला मुलगा. २०१८ मध्ये तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि त्याच वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीज जिंकली. २०२० चा हंगाम संपला की तो फ्री एजंट होणार होता आणि क्लबचे आधीचे देकार त्याने नाकारले होते. क्लबने त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं. सोबत डेव्हिड प्राइसही दिला, त्याच्या उरलेल्या पगारातला निम्मा भार स्वतः उचलून. बदल्यात ॲलेक्स वर्डुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग मिळाले.

२०१८ आणि २०१९ ही दोन्ही वर्षं आम्ही कराच्या रेषेच्या वर होतो. तिसऱ्यांदा वर गेलो असतो तर वरच्या रकमेवर ५० टक्के कर लागला असता. २०२० ची रेषा होती २०.८ कोटी डॉलर. माझ्या नवऱ्याचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: वर्षभराने तो जाणारच असेल तर आधी काहीतरी पदरात पाडून घेणं शहाणपणाचं. मला ते मुळीच पटत नाही. आमच्या फेनवे पार्क मैदानाची तिकिटं लीगमधल्या महागड्या तिकिटांत मोडतात आणि मैदान तरीही भरतं. अशा क्लबने "परवडत नाही" म्हणावं याला अर्थ नाही. डॉजर्सनी त्याच जुलैत मुकीशी १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला आणि त्याच्यासह २०२०, २०२४, २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. इकडे डाउन्सला डिसेंबर २०२२ मध्ये रोस्टरवरून (संघाच्या यादीतून) काढलं आणि वर्डुगोला पुढच्या डिसेंबरात चक्क आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे, यांकीजकडे पाठवलं.

पुढे झँडर बोगार्ट्स ११ वर्षांच्या २८ कोटींवर सॅन डिएगोला गेला. मग जानेवारी २०२३ मध्ये राफाएल डेव्हर्सशी १० वर्षांचा ३१.३५ कोटींचा करार झाला तेव्हा वाटलं, चला, एक तरी राहिला. जून २०२५ मध्ये तोही सॅन फ्रान्सिस्कोला गेला. माझ्या मुलीच्या कपाटात ५०, २ आणि ११ अशा तीन नंबरांच्या जर्सी आहेत आणि तिघांपैकी एकही आज बॉस्टनमध्ये नाही. लहान मुलांनी कोणाचं नाव पाठीवर घालायचं, हा प्रश्न क्लबच्या हिशेबात कुठे बसतो ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

अल्फारेटा, जॉर्जिया

ताई, तुमचं दुःख कळतं, पण आमची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मी क्लबची बाजू घेणार आहे.

आमच्या अटलांटा ब्रेव्हजनी २०२१ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. फर्स्ट बेसवर फ्रेडी फ्रीमन, २०१० पासून आमचाच. महिन्याभराने, २ डिसेंबरला, मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. १० मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे ९९ दिवस, क्लबने खेळाडूशी बोलायचंही नाही. ती उठल्यावर सगळी बाजारपेठ काही दिवसांत उरकायची होती. १४ मार्चला आम्ही चार तरुण खेळाडू देऊन ओकलंडकडून मॅट ओल्सन घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी ८ वर्षांचा १६.८ कोटींचा करार. फ्रीमन ६ वर्षांच्या १६.२ कोटींवर डॉजर्सकडे गेला.

रकमा बघा, जवळपास सारख्याच. इथे पैसा वाचवायचा प्रश्न नव्हता. फ्रीमन बत्तिशीत होता, ओल्सन अठ्ठावीस पूर्ण करत होता. ओल्सन तर इथलाच, लिलबर्नच्या पार्कव्ह्यू शाळेचा. २०२३ मध्ये त्याने ५४ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले, ब्रेव्हजच्या इतिहासात एका हंगामात कोणीही मारले नव्हते एवढे. निर्णय बेसबॉलचा होता आणि तो योग्य होता असं मी आजही म्हणेन.

तरी जून २०२२ मध्ये फ्रीमन डॉजर्सच्या वेशात इथे आला तेव्हा पत्रकारांसमोर बोलताना त्याला रडू आवरेना. आम्ही मैदानात होतो. २०२१ च्या विजेतेपदाची अंगठी स्वीकारायला तो पुढे आला तेव्हा सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, मीही. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात दहाव्या डावात ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा देणारा होमरन) मारून सामना संपवला तेव्हा मी घरात उडी मारली. माझी बायको म्हणाली, "अरे, तो आता आपला नाही." मला तो आपलाच वाटतो.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

अल्फारेटाकर, तुम्ही घेतलेला ओल्सन आमचा, ओकलंड ॲथलेटिक्सचा होता. त्याच आठवड्यात ख्रिस बॅसिट मेट्सकडे गेला, ओल्सन तुमच्याकडे, मॅट चॅपमन टोरोंटोकडे. डिसेंबरात कॅचर शॉन मर्फीही तुमच्याकडेच आला. तुम्ही दिलेल्या चौघांपैकी शे लँगेलियर्स उत्तम निघाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या हिवाळ्यानंतर आम्ही २०२२ मध्ये १०२ सामने हरलो आणि २०२३ मध्ये ११२.

माझे बाबा नाशिकहून उन्हाळ्यात राहायला यायचे. क्रिकेटचा स्कोअर त्यांनी आयुष्यभर वहीत लिहिला होता, बेसबॉलचंही स्कोअरकार्ड ते लिहायला शिकले. बार्टने (इथल्या लोकलने) कोलिझियम, म्हणजे मैदानाच्या, स्टेशनला उतरायचं, पुलावरून चालत जायचं, स्वस्तातली तिकिटं काढायची. बाबांना चॅपमन फार आवडायचा, थर्ड बेसवरच्या त्याच्या झेपांमुळे. तो गेल्यावर फोनवर त्यांनी विचारलं, "याला का दिला? याने काय कमी केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण बेसबॉलचं उत्तर त्यात नव्हतंच. पगार कमी करायचे होते.

१३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला: एरवी न येणाऱ्यांनीही त्या दिवशी यायचं आणि मालकांना दाखवायचं की शहर अजून इथे आहे. सुमारे २८ हजार लोक आले, "संघ विका" म्हणणारे हिरवे शर्ट घालून. मी होतो. संघ जिंकलाही. २६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियममधला शेवटचा सामना झाला, तोही आम्ही जिंकला. आता संघ सॅक्रामेंटोत खेळतो आणि पुढे लास व्हेगासला जाणार आहे.

तुम्ही सगळे कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं यावर भांडताय. त्यासाठी आपल्या मालकाला निदान जिंकायचं आहे एवढा विश्वास लागतो. आमच्याकडे तो उरला नव्हता. तुमचे वाद वाचून मला हेवा वाटतो.

मिसिसॉगा, ऑन्टारियो

डिसेंबर २०२३, शुक्रवार. जपानी खेळाडू शोहेई ओहतानी आमच्या टोरोंटो ब्लू जेजकडे येतोय अशी बातमी फुटली आणि कॅलिफोर्नियातून निघालेल्या एका खासगी विमानाचा माग अर्धं शहर ऑफिसात बसून काढत होतं. मीही. विमान उतरलं, आतून निघाले उद्योगपती रॉबर्ट हर्जावेक. ओहतानी कॅलिफोर्नियातच होता. दुसऱ्या दिवशी त्याने डॉजर्सचं नाव जाहीर केलं: १० वर्षं, ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर मिळणार.

माझं मत असं की त्या नकारानेच क्लबला जाग आली. घरचा व्लादिमिर गरेरो ज्युनियर २०२५ अखेर सुटणार होता. एप्रिलमध्ये त्याच्याशी १४ वर्षांचा ५० कोटींचा करार झाला. त्याच वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीजला पोहोचलो आणि सातव्या सामन्यात, अकराव्या डावात, त्याच डॉजर्सकडून ५-४ असे हरलो. हरल्याचं दुःख खूप आहे. पण व्लाडी पुढच्या वर्षीही आमचाच आहे, आणि माझ्या मुलाला हे माहीत आहे.

बॉथेल, वॉशिंग्टन

त्या वर्ल्ड सिरीजला तुम्ही आमच्या अंगावरून गेलात, मिसिसॉगाकर! आमचे सिअ‍ॅटल मरिनर्स आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज खेळलेले नाहीत आणि आम्ही एका सामन्यावर होतो. अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, सातव्या डावात तुमच्या जॉर्ज स्प्रिंगरचा तो होमरन. असो.

मला युहेनियो सुआरेझबद्दल लिहायचंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लबने त्याला ॲरिझोनाला देऊन टाकलं. बदल्यात आलेल्या दोघांची नावं इथल्या निम्म्या चाहत्यांना सांगता येणार नाहीत. कारण एकच, पगार. २०२३ मध्ये आम्ही एका विजयाने प्लेऑफ (बाद फेरी) हुकलो होतो आणि क्लबचे प्रमुख जेरी डिपोटो म्हणाले होते की दीर्घ काळात ५४ टक्के सामने जिंकणं हे ध्येय असावं. हे ऐकून एखाद्या गावाला काय वाटेल? माझ्या सासूबाई इथे आल्या की सामना बघतात, त्यांना डावपेच कळत नाहीत, पण सुआरेझचं हसणं कळायचं. डगआउटमध्ये (संघाच्या बाकांवर) पडलेल्या चेहऱ्यांना तो उठवायचा. ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही.

जुलै २०२५ मध्ये क्लबने त्याला परत आणलं. टोरोंटोविरुद्धच्या त्याच फेरीत पाचव्या सामन्यात आठव्या डावात त्याने ग्रँड स्लॅम मारला. मैदानातला आवाज माझ्या छातीत बसलाय. २०२५ च्या हंगामानंतर तो पुन्हा फ्री एजंट झाला. क्लबने जॉश नेलरशी ५ वर्षांचा ९.२५ कोटींचा करार केला, तो मला मान्य आहे. कॅल रॅलीला ६० होमरनच्या हंगामाआधीच १०.५ कोटींवर बांधून ठेवलं, तेही उत्तम. म्हणजे जमतं यांना.

एडिसन, न्यू जर्सी

न्यूयॉर्क मेट्स. डिसेंबर २०२५ मध्ये पीट अलोन्सो गेला. क्लबच्या इतिहासात सर्वाधिक, २६४ होमरन मारणारा. बाल्टिमोरशी ५ वर्षं, १५.५ कोटी. त्याच डिसेंबरात एडविन डियाझ डॉजर्सकडे, आणि त्याआधी ब्रँडन निमो टेक्सासला.

फ्रेमिंगहॅमच्या ताईंना एक सांगतो: आमच्या मालकांकडे पैसा नाही असं कोणी म्हणणार नाही. त्याच्या वर्षभर आधी त्यांनी हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी दिले. तरी अलोन्सो गेला. एकतिशीतल्या फर्स्ट बेसमनला पाच वर्षं द्यायची नाहीत आणि क्षेत्ररक्षण सुधारायचं, हा विचार मला समजतो. २०२५ मध्ये शेवटच्या दिवशी प्लेऑफ हुकले, तोच संघ परत आणण्यात अर्थ नव्हता. माझा मुलगा म्हणतो, हुकले ते पिचिंगमुळे, अलोन्सोमुळे नाही. तो बरोबर बोलतोय, आणि म्हणूनच या विषयावर जेवताना आम्ही अजून थांबलेलो नाही.

पुणे

मुलगी शिकागोला असते, तिच्यामुळे मी सकाळी चहाबरोबर सामने बघतो. वरचं सगळं वाचताना आयपीएल आठवत राहिली. २०२४ च्या मोठ्या लिलावात दहाही संघांना सारखेच १२० कोटी रुपये होते. त्यामुळे "परवडत नाही" हे वाक्य तिथे खरं असतं. पण ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले तरी लखनौला जायचं की नाही हे त्याने ठरवलं नाही. फ्रीमन आणि अलोन्सोला ते ठरवता आलं.

हा हक्क सहज मिळालेला नाही. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं, त्याने जायला नकार दिला आणि खटला लढला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो हरला, कारकीर्दही गेली. फ्री एजंट होण्याची वाट खुली झाली ती डिसेंबर १९७५ च्या लवादात, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या पिचरांच्या प्रकरणात. त्यामुळे गेलेल्या खेळाडूला कोणी बेइमान म्हणालं की मला फार लागतं. या धाग्यावर कोणी तसं म्हटलं नाही, हे आवडलं.

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स

काका, फ्लडबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. मालक आणि खेळाडू संघटनेतला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय आणि खर्चाच्या कमाल मर्यादेची चर्चा पुन्हा सुरू आहे, तेव्हा हा इतिहास लागणार आहे. डेट्रॉइटचं कोणी आहे का? तुमच्या पिचरचं, टारिक स्कूबलचं काय करावं?

नोव्हाय, मिशिगन

आहे. सलग दोन साय यंग (सर्वोत्तम पिचर) पुरस्कार, २०२४ आणि २०२५. २०२६ च्या हंगामानंतर फ्री एजंट. सगळे म्हणतात आत्ताच ट्रेड करा, नाहीतर बदल्यात फारसं काही मिळणार नाही. म्हणजे बॉस्टनने मुकीचं केलं तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिअ‍ॅटलला पंधराव्या डावात आम्ही हरलो, त्या रात्री स्कूबलने सहा डावांत १३ जणांना बाद केलं होतं. असा पिचर हाताशी असताना २०२६ जिंकायचा प्रयत्न करायचा नाही, तर मग कधी करायचा? ठेवा त्याला, खेळवा, आणि नोव्हेंबरात पूर्ण किंमत द्यायला तयार राहा.